घाणेरी, केटबाई आणि लाल झेंड्या

घाणेरीची झुडपं आणि किस्से, दोन्ही उपटून संपत नाहीत. औंढ्याच्या डोंगरावर बाहेरून आलेली झाडंझुडपं हटवायचं काम दोन देशांनी मिळून काढलंय. ऑस्ट्रेलियाच्या केटबाई तज्ज्ञ, मी लोणावळ्याचा दुभाषी, आणि मदतीला गावचे सदाभाऊ नि ठकूमावशी. गावानं बंगल्यांपायी जमिनी जाताना बघितल्यात. त्यामुळे आमच्यावर पहिल्या दिवसापासून संशय!

*

केटबाई डोंगर चढण्याआधी ब्रशनं बूट घासतात. तळव्याला चिकटलेलं बी दुसरीकडे जाऊ नये म्हणून. सदाभाऊ नुसते बघायचे. शेवटी मला बाजूला घेतलं.

"देवळात जाताना आमी पाय धुतो. ही डोंगरासाठी बूट धुती. आन् निघालेली माती पिशवीत भरती! काय घावलंय तिला हितं?"

"भाऊ, त्यात घाणेरीचं बी असतं."

"मग पिशवीला गाठ कशापायी मारती?"

*

एकदा बाईंनी सांगितलं, घाणेरी खाणारे किडे काही देशांत मुद्दाम सोडलेत.

सदाभाऊंनी विचारलं, "आन् घाणेरी संपल्यावर ते काय खानार? आमचा इंद्रायणी भात?"

मी भाषांतर केलं. बाई म्हणाल्या, "हे तपासायलाच वर्षं जातात."

"बघा! म्हंजे तिलाबी म्हाईत न्हाई!"

*

वाटेत ऑस्ट्रेलियन बाभळी लागल्या. बाई हळहळल्या, "ही आमच्याकडची."

ठकूमावशी लगेच, "मग जाताना घेऊन जावा की!"

*

खरी पंचाईत झेंड्यांनी केली. घाणेरी दिसेल तिथे लाल झेंडी लावायची, असं बाईंनी ठरवलं आणि मी गार पडलो. आमच्याकडे झेंडी म्हणजे मोजणी, आणि मोजणी म्हणजे जमीन गेली! मावशीची गुरांची जुनी वाट एका नव्या बंगल्याच्या कंपाउंडनं आधीच अडवलीय. चरायला आता हा एवढाच उतार उरलाय.

मावशीचे डोळे भरून आले. "ह्योबी गेला तर गुरं कुटं नेऊ? इकावीच लागतील."

मला फार वाईट वाटलं. बाईंनाही. त्यांनी तिला जवळ बसवून सांगितलं, मी मराठीत सांगत गेलो. "तुमची जमीन कुणी घेत नाही, मावशी. बाहेरून आलंय, जागा अडवून बसलंय, इथल्या गवताला जगू देत नाही, ते आधी शोधायचं. तिथे झेंडी लावायची. मग मुळासकट उपटायचं."

"आसं व्हय?" मावशीनं डोळे पुसले आणि झेंड्यांचा गठ्ठा उचलून निघाली.

दुपारी बघतो तर उतारावर एकही झेंडी नाही! खालून वॉचमनची आरडाओरड ऐकू आली. आम्ही धावत उतरलो. बंगल्याच्या कंपाउंडला ओळीनं लाल झेंड्या. एक मोठ्या गेटवर.

केटबाईंनी माझ्याकडे बघितलं. "तू तिला नक्की काय सांगितलंस?"

मी काही बोलायच्या आत मावशीनं पदर खोचला.

"बाईला इचार, उपटायचं कवा?"