सोनाचं फोल्डर

नाना गेल्याचा फोन धुळ्याला आला तेव्हा माझ्या हातात चहाचा कप होता. तो तसाच राहिला... महिना उलटला तरी मला स्वस्थ बसवत नाही. दुःख आहेच, पण टोचतंय वेगळंच. मी त्या माणसाचं बोलणं अर्ध्यावर टाकून उठलो होतो.

नाना माझे जुने मित्र; जळगावात मेहरूणला त्यांचं लग्नपत्रिकांचं दुकान. लग्नघरच्या कुणीतरी प्रत्येक नावावर बोट ठेवून मोठ्याने वाचल्याशिवाय नाना पत्रिका छापायला सोडत नसत. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, नाना समोर थांबून राहायचे. मुलगी मनीषा कोरियाला गेली, तिथे नात झाली, सोना, आणि साठी उलटलेला हा माणूस कोरियन अक्षरांच्या मागे लागला. शेवटच्या भेटीत मला सांगत होते, "भाऊ, त्यास्नं 'सो' हाई आख्खं अक्षर एक नंबरवर ठेवता येस. नहीतर 'स' न् 'ओ'ले अलग अलग नंबर दीसन. दिखाले एकच, पन मशीनले दोन अलग शेतस." म्हणजे आख्खं ठेवलेलं आणि तुकड्यांत ठेवलेलं अक्षर दिसायला एकच, पण संगणकाला ती दोन वेगळी. मी म्हणालो, "नाना, बस सुटेल माझी." बसला अजून तासभर होता.

तेराव्यानंतर मनीषा म्हणाली, "काका, नाना सोनासाठी अहिराणी शब्द रेकॉर्ड करत होते. मीच माझ्या लॅपटॉपवर रिकामं फोल्डर करून, कोरियनमध्ये 'सोना' नाव घालून त्यांना दिलं होतं. आता सापडत नाही." गुरुवारी तिचं विमान, आणि नानांचा संगणक दुकानासकट विकलेला, ताबा तेवढा द्यायचा राहिलेला. आत हजारो पत्रिका. तिने त्या संगणकावर कोरियनमध्ये 'सोना' टाइप केलं. काही नाही. पुन्हा केलं. काही नाही. मला गेलेल्या माणसाचाच राग यायला लागला, आणि त्या रागातच ते अर्धवट ऐकलेलं वाक्य आठवलं.

"इथे टाइप करू नकोस. तुझ्या लॅपटॉपवरचं नाव जसंच्या तसं आण."

तिने ते पेनड्राइव्हवर आणलं, तिथून कॉपी करून शोधायच्या चौकटीत टाकलं. दिसायला तीच दोन अक्षरं. तिच्या लॅपटॉपने ती तुकड्यांत ठेवली होती आणि आम्ही आख्खी शोधत होतो. जामनेरच्या कुठल्याशा लग्नाच्या फायलींमध्ये दडलेलं फोल्डर वर आलं.

"सोना, म्हन... बठ्ठा. बठ्ठा म्हंजे सगळे." नानांचा आवाज आला आणि थांबला. गिऱ्हाइकापुढे थांबायचे तसाच, समोरचा वाचेपर्यंत.

मनीषा हळूच म्हणाली, "बठ्ठा."

मग नाना पुढच्या शब्दाकडे वळले. माझी बस साडेपाचची होती. मी बसून राहिलो.