एका कानाचे चार गुण

घाटकोपरला भटवाडीत जाऊन कुणालाही 'लवू परब कुठे राहतात' विचारा. माणूस आधी हसेल, मग बोट दाखवील. "तो रेकॉर्डवाला ना? तिसरा मजला. जिन्यात भांडी पडल्यासारखा आवाज आला की समजा, घर आलं."

भटवाडीची चेष्टा खोटी नाही. लवूने जन्मभर जमवलं ते जॅझच, पण हॉटेलात जेवताना मागे गोडगोड वाजत असतं ते नव्हे. हे त्याच्या पलीकडचं, घर सोडून निघालेलं. चाल नाही, ठरलेला ताल नाही, लिहिलेलं काही नाही. तीनचार वादक जमतात आणि त्या घडीला सुचेल ते वाजवतात. मध्येच कुणी किंचाळतो, कुणी पेटीच्या झाकणावर टकटक करतो. अशा सातशे रेकॉर्डी आणि तीनेकशे कॅसेटी लवूच्या दीड खोलीत आहेत. त्याची बायको अनुपमा म्हणते, "माझ्या संसाराला जागा उरली ती यांच्या मेहेरबानीने." म्हणते खरी, पण पावसाळ्यात रेकॉर्डींना बुरशी धरू नये म्हणून कपाटात कापूर तीच ठेवते.

गिरणीकामगाराच्या पोराला हे वेड लागलं कसं, असं लोक विचारतात. लवूचं उत्तर ठरलेलं आहे. "डबलबारीमुळे." त्याचे वडील शिवदास परब भजनात पखवाज वाजवायचे. डबलबारी म्हणजे कोकणी माणसाचा भजनाचा सामना. दोन बुवा समोरासमोर, एकाने गाण्यातून कोडं घालायचं आणि दुसऱ्याने जागच्या जागी उत्तर द्यायचं. लहानगा लवू वडिलांच्या मांडीला टेकून ऐकत बसायचा. पहिल्या बुवाची बारी संपली की त्याला झोप यायची, तेव्हा वडील त्याला ढोसायचे. "दुसऱ्या बुवाची बारी आयकल्याशिवाय उठा नको रे. अर्ध्यावर कोण जिंकलो ता कसा कळतला?"

पहिली रेकॉर्ड त्याने ऐंशी साली कुर्ल्याच्या एका भंगारवाल्याकडून उचलली. घरी लावली तर नुसता कल्लोळ. दुसऱ्या दिवशी परत घेऊन गेला. "खराब आहे ही." भंगारवाल्याने लावून पाहिली, कान खाजवला आणि म्हणाला, "रेकॉर्ड ठीक है। बजानेवाले खराब हैं।"

मागे कुणी तरी खो खो हसलं. खांद्यावर सॅक्सोफोनची पेटी, पायात रबरी चपला, रंगाने काळाभोर. "खराब नाय रे, झकास हाय. तुला नको तर मला दे."

"नको कोण म्हणालं?" लवूने रेकॉर्ड छातीशी धरली.

तो क्लेमेंट. मढचा, वर्सोव्याहून तरीने खाडी ओलांडून जावं लागतं तिथला. बाप मासेमारी करायचा, हा लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचा. "त्याच त्या बारा चाली," म्हणायचा, "नवरे बदलतात, चाली नाय." त्या दिवसापासून दोघांचे रविवार एकमेकांना बांधले गेले. एक रविवार भटवाडीत, एक मढला. काय दिवस होते ते! एक रेकॉर्ड, दोन डोकी, आणि लवूच्या आईची बोंब. "कोणी माजराचो गळो धरल्यान काय रे?"

लवू नुसता ऐकणारा नव्हता, गुण देणारा होता. लांबोडक्या हिशेबाच्या वहीत त्याने रकाने आखले होते. एकमेकांचं ऐकणं, चाळीस गुण. धाडस, तीस. शेवटपर्यंत नेणं, वीस. रेकॉर्डची प्रत आणि आवाजाची सफाई, दहा. पहिला रकाना सगळ्यात मोठा, कारण लवूच्या मते हे संगीत म्हणजे बिनभजनाची डबलबारीच. ऐकण्याआधी कुणी काही समजावून सांगायचं नाही, हा एक नियम. आणि तीनदा ऐकल्याशिवाय गुण द्यायचे नाहीत, हा दुसरा. क्लेमेंट चिडवायचा, "तू काय बोर्डाचा परीक्षक काय रे?" पण गुण काय पडले ते आधी तोच विचारायचा.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाही तर पुढचं कळणार नाही. तेव्हा लवूच्या दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं होती. वडील रातपाळी करून आलेले, दुपारभर झोपलेले. मोठ्याने लावायची सोय कुठली? म्हणून एकट्याने ऐकताना लवू ट्रान्झिस्टरचा एका कानात घालायचा प्लग रेकॉर्डप्लेयरला नाही तर टेपला लावायचा. बसला चपखल, आवाज आला, लवू खूश. दोन बाजूंनी आवाज येणाऱ्या यंत्राला तो प्लग लावला की फक्त डावी बाजू ऐकू येते, उजवी गप्प होते, हे त्या शहाण्याला ठाऊकच नव्हतं!

सत्त्याऐंशी सालच्या मे महिन्यात क्लेमेंट कॅसेट घेऊन आला. एरवी बडबडा माणूस, त्या दिवशी घामाघूम. त्याच्या बहरीनच्या भावाने, वॉरेनने, दोन माईकचा टेप आणला होता, त्यावर स्वतःचं वाजवणं भरलं होतं. लवूच्या हातात ठेवून म्हणाला, "काय बोलत नाय मी. तुझाच नियम. ऐक, आणि खरे गुण दे."

वडील झोपले होते, म्हणून लवूने प्लग कानात घातला आणि ऐकलं. क्लेमेंट दोन फुंका मारी आणि थांबे. पुन्हा चार सूर, पुन्हा लांबलचक शांतता. कुठे बोलता बोलता अडखळल्यासारखा, कुठे उगाच हसल्यासारखा. बावीस मिनिटं हेच. लवूला राग आला. जगभरातलं ऐकून ऐकून मित्राने हे शिकावं? तीनदा ऐकायचा नियम त्याने त्याच दिवशी मोडला. एकदाच ऐकलं, आणि कॅसेटच्या कागदावर ठसठशीत अक्षरात लिहिलं. धाडस, शून्य. शेवटपर्यंत नेणं, शून्य. सफाई, चार. आणि पहिल्या रकान्यात, 'एकमेकांचं ऐकणं: शून्य. एकटाच आहे, ऐकणार कुणाचं? काय बोलायचं ते ठरवून ये.' खाली आपला नाव-पत्त्याचा रबरी शिक्का मारला, तो प्रत्येक कॅसेटवर मारायचा तसा.

क्लेमेंटने वाचलं, पुन्हा वाचलं. "बरं," म्हणाला आणि कॅसेट खिशात घालून निघून गेला. पुढच्या रविवारी लवू मढला गेला, तर क्लेमेंट घरी नव्हता. त्याच्या पुढच्याही नव्हता. तिसऱ्या खेपेला लवूला कळलं, की तो घरात असूनही 'नाही' म्हणून सांगायला लावतो. लवूही हट्टी. "खरं बोललो तर राग येतो होय? गेला उडत!"

मग आलं एक्याण्णव साल. लवूला बोनस मिळाला, त्याने अँप्लिफायर आणि दोन स्पीकर घेतले. एकट्यानेच ऐकून तोंडपाठ झालेली एक रेकॉर्ड लावली आणि उजवीकडून एक अख्खा ढोलवाला बाहेर आला. अकरा वर्षं घरात राहून कधी भेटला नव्हता! लवूने जुना प्लग पुन्हा लावून पाहिला, तर ढोलवाला गायब. मग त्याने वर्षभर खपून एकूणएक रेकॉर्ड पुन्हा ऐकली, तीनतीनदा, आणि लाल शाईने गुण दुरुस्त केले. सगळ्यांचे केले, एकाचे सोडून. ती कॅसेट मढला होती. त्याला क्लेमेंट आठवला नाही असं नाही. रोज आठवला. एकदा तर तो वर्सोव्याच्या धक्क्यापर्यंत गेला, तरीचं तिकीट काढलं, आणि परत आला. काय सांगणार होता? की ज्याच्या कानावर तू विश्वास ठेवलास तो अर्धाच होता? लाज वाटली. लाजेवर दिवस चढत गेले, वर्षं चढली, आणि लवू अडुसष्ट वर्षांचा झाला.

गेल्या फेब्रुवारीत, एका शनिवारी सकाळी, दारात एक चाळिशीकडे झुकलेली बाई उभी राहिली. "लवू अंकल? मी फ्रेडा. मढच्या क्लेमेंटची मुलगी." तिने पर्समधून कॅसेट काढली. कागद पिवळा पडला होता, शिक्का मात्र स्वच्छ वाचता येत होता. "डॅडीची जुनी ट्रंक आवरताना मिळाली. डॅडी म्हणतो, फेकून दे, चार गुणांची हाय. अंकल, मी डॅडीला कधी वाजवताना बघितलंच नाही. आपला सॅक्सोफोन विकून त्याने रिक्षा घेतली, तेव्हा मी पाळण्यात होते. यावर खरंच तो आहे का? तुम्ही जाणकार आहात, तुम्ही सांगा. ठेवू की फेकू?"

लवूने कॅसेट टेपात घातली. बटण अनुपमाने दाबलं.

डावीकडून क्लेमेंटने दोन फुंका मारल्या आणि थांबला. आणि उजवीकडून, सदतीस वर्षांनी, उत्तर आलं. ठक. ठक ठक. लाकडावर हातोडी. कुणी तरी होडीच्या फळ्या ठोकत होतं. क्लेमेंटने तोच ठेका सुरात उचलून उलटा फिरवला. हातोडी क्षणभर थबकली, मग मुद्दाम ठेका चुकवून पडली. सॅक्सोफोन हसला. हातोडी पुन्हा. कोडं आणि उत्तर, कोडं आणि उत्तर, बावीस मिनिटं. क्लेमेंट अडखळत नव्हता. तो जागा देत होता.

"अगं, डबलबारी!" लवू ओरडलाच. "डबलबारी गं ही! आणि मी मेल्याने एकाच बुवाला ऐकून निकाल दिला!" आणि पोरीसमोर, बायकोसमोर, तो ढसाढसा रडला. वडिलांनी ढोसून ढोसून शिकवलेलं तेवढं एकच त्याला नेमक्या वेळी आठवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. लवूने टेप, अँप्लिफायर आणि दोन्ही स्पीकर पिशव्यांत भरले, वही काखोटीला मारली आणि फ्रेडाबरोबर तरीत बसला. तरीवाला म्हणाला, "काका, लगीन हाय काय?" लवूने स्पीकरची पिशवी मांडीवर घेतली.

क्लेमेंट ओट्यावर बसला होता. केस पांढरे, दम लागलेला, नजर तीच. लवूला पाहून उठला नाही. "आलास? चारातले पण कापायला?"

वाटेत जुळवलेलं सगळं लवू विसरला. "क्लेमेंट, मी एका कानाने ऐकलं होतं. माझा प्लग अर्धाच ऐकवायचा. हातोडी मला ऐकूच आली नाही रे. काल ऐकली." मग थांबून, जे बोलायला सगळ्यात जड होतं ते बोलला. "प्लगचं मला एक्याण्णव सालीच कळलं होतं. तुला येऊन सांगायची हिंमत झाली नाही. तेहतीस वर्षं नाही झाली."

क्लेमेंटने समोरच्या सुकत घातलेल्या बोंबलांवरचा कावळा हाकलला.

"हातोडी कुणाची होती, ठाव हाय?" तो म्हणाला. "माझ्या बापाची. म्हाताऱ्याला माझं वाजवणं कधीच नाय आवडलं. घरात पेटी उघडली की उठून जायचा. त्या दिवशी तो होडी ठोकत होता, मी बाजूला जाऊन वाजवायला लागलो. वाटलं, आता शिव्या देईल. तर त्याने हातोडीने जबाब दिला. जन्मात एकदाच दिला रे. म्हणून तुझ्याकडे धावत आलो. आणि तू लिवलंस, ऐकणं शून्य." त्याने वहीकडे बोट केलं. "तू जाणकार. मला वाटलं, म्हातारा नुसता खिळेच मारत असंल. मलाच भास झाला असंल. मग कशाला वाजवायचं?"

लवू त्याच्या शेजारी ओट्यावर टेकला. त्याने वही उघडली, लाल पेन काढलं आणि नव्या पानावर लिहिलं, 'एकमेकांचं ऐकणं'. पुढे चाळीसचा चार काढणार, तेवढ्यात क्लेमेंटने त्याचं मनगट धरलं.

"थांब. किती वेळा ऐकलंस?"

"दोन्ही कानांनी? एकदा."

"मग? नियम कोणाचा हाय? घाईचे गुण एकदा घेतले, पुरे झाले मला." त्याने पेन काढून स्वतःच्या खिशाला लावलं. "अजून दोनदा ऐकायचं. आज एकदा, हितं बसून. आणि पुढच्या रविवारी परत यायचं. येशील काय?"

"येईन," लवू म्हणाला. "न येऊन सांगतो कुणाला!"

फ्रेडाने वायर जोडल्या. एक स्पीकर ओट्याच्या डाव्या टोकाला ठेवला, एक उजव्या, आणि स्वतः पायरीवर बसली. क्लेमेंटने वाजवलेल्या दोन फुंका आल्या आणि थांबल्या. म्हाताऱ्या क्लेमेंटने डोळे मिटले, उजवीकडे मान कलती केली, आणि पहिला ठोका पडताच लवूच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "हा बघ, आला."