पारुबाईची गाणी

सेनगावच्या बसस्टँडमागे देविदास राठोडची लग्नाचे व्हिडिओ जुळवायची खोली आहे. तांड्यावरचा हा माणूस बारावीच्या पुढं शिकला नाही, पण कॉम्प्युटर म्हणजे त्याच्या हातचा मळ. अ‍ॅपलचं यंत्र झेपणारं नव्हतं, म्हणून त्यानं हिंगोलीहून सुटे भाग आणून साधा डेस्कटॉप जोडला आणि त्याच्यावर अ‍ॅपलचीच सिस्टिम चढवली. कंपनीला मान्य नसलेली जोडणी. बाकी सगळं चाले, नेट तेवढं चालत नसे. वायफायचं कार्ड त्या सिस्टिमला ओळखूच येत नव्हतं.

तीन वर्षं तसंच निभावलं. मग त्याची आई पारुबाई गेली.

पारुबाई तांड्यावरच्या लग्नात गायला बसली की बायका हातातली कामं टाकून येत. देविदासनं दोन उन्हाळे तिला कॅमेऱ्यासमोर बसवून सगळी गाणी भरून घेतली होती. तेराव्याला धाकट्या बहिणीनं, शिलानं, ती मागितली. नेटवर एकदा नीट चढवू, म्हणजे कायमची राहतील, असं देविदासनं ठरवलं. पेनड्राइव्हवर घालून लगेच देता आली असती. हे त्याला नंतर रोज आठवलं.

कार्डाची सिस्टिमशी ओळख करून देणारी फाईल म्हणजे ड्रायव्हर. तो मोबाइलवर उतरवायचा, पेनड्राइव्हनं आत टाकायचा, यंत्र बंद करून परत चालू करायचं, असं आठ दिवस चाललं. कधी कार्ड दिसेना, कधी यंत्र अर्ध्यातच अडकून बसे. शेवटी वैतागून त्यानं सिस्टिम नव्यानं टाकायला घेतली. आत दोन डिस्का, एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. यादीत नुसते आकडे. त्यानं त्यातली एक निवडली. पुसायची का, असं यंत्रानं विचारलं, त्यानं हो म्हटलं.

नव्या सिस्टिमवर ड्रायव्हर पहिल्याच झटक्यात बसला. देविदासनं हरखून शिलाला फोन लावला. "नेट लागलं. आता पाठवून राहिलो बघ."

मग त्यानं दुसरी डिस्क उघडली. तिच्यात जुनी सिस्टिम जशीच्या तशी होती. पुसली होती ती गाण्यांची.

हिंगोलीत कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या प्रेमानंदनं डिस्क दोन दिवस ठेवून घेतली. जुन्या फिरत्या डिस्कमधून थोडंफार निघालं असतं, ह्या चिपवालीतून पुसलेलं परत येत नाही, असं त्यानं हळूच सांगितलं.

शिलाचे फोन येत राहिले. देविदास नेट हळू आहे म्हणत राहिला. पाचव्या दिवशी तो एस.टी.नं हट्ट्याला, तिच्या सासरी गेला आणि ओट्यावर बसून सगळं सांगून टाकलं. सुपातली तूर निवडता निवडता तिचा हात थांबला.

"एकबी न्हाई राहिलं?"

"न्हाई."

तिनं सूप बाजूला सारलं. मग म्हणाली, "भाऊ, तुला तरी तोंडपाठ हायेत का? तूच समोर बसला व्हतास."

दोन उन्हाळे तो उजेड बघत होता, कॅमेऱ्यावरची आवाजाची पट्टी बघत होता. शब्दांकडं त्याचं लक्षच नव्हतं. शिलानं पाठवणीचं गाणं हलक्या आवाजात धरलं. दुसऱ्या ओळीत ती अडली, पुढचं मिळेल म्हणून त्याच्याकडं बघत राहिली.

चहा तिनं केला, पण स्टँडपर्यंत आली नाही. दारातूनच म्हणाली, "सांभाळून जा."