परदेशातला उजेड

युरोपला जायचं माझ्या डोक्यात कधीच नव्हतं. आमच्या सुरतेत परदेशवाऱ्या हिरेवाल्यांच्या आणि मिलमालकांच्या नशिबी असतात, आणि मी दोन्ही नव्हतो. मी सुरतेजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका डाइंग मिलमध्ये कलर मास्तर होतो. व्यापाऱ्यानं कापडाचा बोटभर तुकडा आणून द्यायचा आणि आम्ही तोच रंग हजारो मीटर कापडावर जसाच्या तसा उतरवायचा, हे ते काम. लाल किती घ्यायचा, पिवळा किती, निळा किती, हे मी तुकडा बघून कागदावर लिहून द्यायचो. सव्वीस वर्षं मी हेच केलं आणि त्याचा मला चांगलाच माज होता, हे आधीच सांगून टाकतो.

रंग विकणाऱ्या एका कंपनीची स्कीम होती. जी मिल त्यांचा माल भरपूर उचलेल, तिथल्या एका जोडप्याला युरोपची सहल. अशा सहलींना शेठ-शेठाणी जातात, हा सगळीकडचा रिवाज. पण त्या वर्षी शेठनं मला केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला आणि म्हणाला, "मास्तर, आ वखते तमे जई आवो. भाभीने पण लई जाव."

या वेळी तुम्ही जाऊन या, वहिनींनाही न्या. मी एकदम हरखलो. इतक्या वर्षांची कदर झाली असंच वाटलं. डिंडोलीला घरी येऊन बायकोला सांगितलं, तर ती भाकरी थापता थापता थांबली.

"दिवाळीना सीझन तोंडवर शे, अन् शेठ तुमले पंधरा दिवस सोडी राहिना?"

मी तिच्यावर खेकसलो. चांगल्या बातमीत खोट काढायची तिला सवयच आहे, असं काहीतरी बोललो. पण प्रश्न खरा होता. त्या वर्षी दिवाळी उशिरा होती, नवरात्र संपून मिल रात्रंदिवस चालू होती, आणि अशा दिवसांत कलर मास्तरला ताप आला तरी शेठ गाडी पाठवून आणवतो. शिवाय मागच्या वर्षी पावसाळ्यात दोन-तीन लॉट शेड चुकली म्हणून परत आले होते. मी पाण्याला दोष दिला, बॉयलरला दिला, कापड रंगवणाऱ्या जेट मशीनवरच्या माणसांना यथेच्छ शिव्या दिल्या. मग लॉट परत येणं थांबलं. मला वाटलं, शिव्या लागू पडल्या.

शेठनं लॅबमध्ये रंग जुळवणारा एक कॉम्प्युटरही आणून ठेवला होता. मी त्याला डबा म्हणायचो आणि त्यावरचं प्लॅस्टिकचं आवरण कधी काढू दिलं नव्हतं. माझ्या मते मिलमध्ये एकच खरी वस्तू होती, लॅबची उत्तरेकडची खिडकी. सकाळी दहा वाजता तिथून जो उजेड येतो, त्यात तुकडा धरून बघितल्याशिवाय मी कुठलाही लॉट पास केला नाही. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात वेगळा दिसतो, त्याला आम्ही शेड फिरली म्हणतो. नव्या माणसाला मी पहिल्या दिवशी एवढंच शिकवायचो की रंगावर शंका आली तर आधी उजेडावर शंका घे.

तर आम्ही निघालो. बसभर सुरतेचीच माणसं, कुणी कामरेजचा मास्तर, कुणी रंगाचा दलाल, आणि प्रत्येकाच्या पिशवीत खाखरे. ऑस्ट्रियातल्या एका डोंगरगावात पहिला मुक्काम होता. सुख म्हणजे काय ते मी तिथे चार-पाच दिवस भोगलं, हे नाकारणार नाही. सकाळी दार उघडलं की गार हवा नाकात शिरायची आणि छातीपर्यंत स्वच्छ जाणवायची. आयुष्य केमिकलच्या वासात गेलेल्या माणसाला त्याचं काय वाटतं, हे दुसऱ्याला कळायचं नाही. चौकात एक बाई लोखंडी कढईत चेस्टनट भाजत बसायची. कागदाच्या पुडीत गरम गरम घ्यायचे, सोलायचे, चव भाजलेल्या रताळ्यासारखी. बायकोनं तोंडानं वाफ काढून दाखवली आणि लहान मुलीसारखी हसली. लग्नानंतर मी तिला कुठेच नेलं नव्हतं. एकदा सप्तशृंगीला आणि दरवर्षी गावी, एवढाच आमचा प्रवास.

रस्त्यांवर पानांचा खच पडलेला असायचा. त्यातून चाललं की कुरकुर आवाज यायचा आणि ती मुद्दाम कडेकडेनं चालायची. मला तो आवाज फार आवडायचा.

तिसऱ्या दिवशी बस एका वळणावर थांबली. समोर अख्खा डोंगर झाडांनी भरलेला. सगळे खाली उतरले. मग फोन निघाले. बायकोनं माझी बाही ओढली.

"दखा ना, कितलं लाल शे!"

मी बघितलं. पिवळा होता, तो छान होता. बाकीचा डोंगर मला चहाच्या चोथ्यासारखा दिसला. मी म्हणालो, "लाल कुठंय? सगळा खाकी तर आहे."

लोक हसले. बायको घाईघाईनं त्यांना म्हणाली, "उनको मजाक की आदत है." पण कामरेजचा मास्तर पुढे आला. त्यानं एक पान उचललं आणि माझ्यासमोर धरलं. "मास्तर, ये तो एकदम मरून है. देखो तो सही."

माझ्या खिशात कायम कापडाच्या तुकड्यांची जुडी असते. देवळात जाताना चप्पल काढतो, पण जुडी नाही काढत. मी त्यातला एक खाकी तुकडा काढून पानाला लावला आणि सगळ्यांना दाखवला. मला तर तंतोतंत जुळलेला दिसत होता. मग मी तिथेच सगळ्यांना समजावून सांगितलं. हा युरोपचा शरद, सूर्य खाली गेलेला, ढगातून गाळून आलेला उजेड, समोर ओला डोंगर. अशा उजेडात शेड फिरते, कच्च्या डोळ्याला खाकीसुद्धा लाल भासतो. मी इतक्या ठामपणे बोललो की दलाल मंडळींनी माना डोलावल्या. कामरेजच्या मास्तरानं मात्र ते पान आपल्या पाकिटात ठेवलं आणि बसमध्ये जाऊन बसला.

पुढचा मुक्काम स्वित्झर्लंडमध्ये तळ्याकाठी होता. सकाळी तळ्यावर धुकं असायचं आणि समोरचा काठ दिसायचाच नाही. बाकावर बसलो होतो, तर बायको पाच-सहा पानं वेचून घेऊन आली आणि ओळीनं मांडून म्हणाली, "यामातलं सगळ्यात लाल कोणतं? ते मी घरी लई जासू."

मी एक उचलून दिलं. ती त्या पानाकडे बघत राहिली. मग "हां, हेच," म्हणाली आणि मूठ मिटली. तिचा चेहरा मला अजून दिसतो. सोनोग्राफीवाल्या बाईनं आमच्या पहिल्या बाळाबद्दल काही न सांगता फक्त डॉक्टरांना बोलवायला माणूस पाठवला होता, तेव्हा तिचा असा चेहरा झाला होता. मी तळ्याकडे बघितलं. पाणी फार गार असेल, नाही का, असलं काहीतरी बोललो.

त्यानंतर सबंध सहलीत तिनं रंगाचा शब्द काढला नाही. भिंतींवर चढलेल्या वेली, घरांपुढे रचलेले भोपळे, बागेतली सफरचंदं, सगळ्यांपुढून ती मला गप्प नेत होती. आणि रस्ता ओलांडायचा असला की माझा दंड घट्ट धरायची. परदेशात आल्यावर बाईला प्रेम आलं म्हणून मी तिला चिडवलंसुद्धा. ती हसली नाही. सिग्नलकडे बघत राहिली.

खरं तर मलाही कळत होतं. कळत होतं आणि मी ते आत घेत नव्हतो. तोवर दिवस लहान होत चालले होते. चार वाजले की सगळं करडं व्हायचं, पाच वाजता दुकानं बंद, रस्ते रिकामे. जेवताना कामरेजचा मास्तर माझ्यापासून दूर बसायला लागला.

शेवटच्या दिवशी सकाळी मला लवकर जाग आली. आभाळ स्वच्छ होतं आणि आमच्या खोलीची खिडकी नेमकी उत्तरेला होती. बायको अंघोळीला गेली. मी जुडीतला एक लाल तुकडा आणि एक खाकी तुकडा खिडकीत मांडला. दोन्ही माझ्याच हातचे, मागे पेननं नंबर लिहिलेले. डोळे मिटून जागा बदलल्या, उघडले, आणि यातला लाल म्हणून एक उचलला. उलटून नंबर बघितला. खाकी होता. पुन्हा केलं, बरोबर आलं. आणखी चार वेळा केलं, त्यात दोनदा चुकलो. नाणं उडवलं असतं तरी एवढंच आलं असतं. मी पलंगावर बसलो. मला भीती वाटली, साधी, लहान मुलाला वाटते तशी भीती. रंग सोडून मला दुसरं काहीही येत नाही. शाळा दहावीपर्यंत, शेती भावांच्या नावावर, आणि या वयात मला वॉचमन म्हणूनसुद्धा कोण ठेवणार?

बायको बाहेर आली तोपर्यंत मी तुकडे गोळा करून जुडीत घातले होते आणि स्वतःला समजावूनही झालं होतं. काचच दुहेरी, तिच्यातून उजेड गाळूनच येणार. शेड इथल्या उजेडानं फिरली, डोळ्यांनी नाही. दुसऱ्या कुठल्याही माणसानं त्या सकाळी डोळ्यांवर शंका घेतली असती. मी कलर मास्तर होतो, मी उजेडावर घेतली. डोळ्यामागच्या नसेच्या आजाराचं जे नाव डॉक्टरांनी पुढे सांगितलं, त्याला मी तेव्हा युरोपचा उजेड म्हणत होतो, आणि त्या नादात आणखी किती दिवस गेले याचा हिशेब आता करवत नाही.

विमानतळावरून घरी येताना टॅक्सीत बायको हळूच म्हणाली, "कामवर जावाना आगोदर डॉक्टरले डोया दखाडी या."

"तू गप बस," मी म्हणालो. संसाराच्या इतक्या वर्षांत एवढं कडू मी तिला बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मिलमध्ये गेलो. गेटवर, ऑफिसात, सगळ्यांनी हसून विचारपूस केली. कुणी एकानंसुद्धा माझ्यावाचून अडलं असं म्हटलं नाही. लॅबमध्ये टेबल पुसलेलं होतं आणि डब्यावरचं प्लॅस्टिकचं आवरण निघालेलं होतं. दहा वाजता, सकाळी मी लिहून दिलेल्या मापानं रंगवलेला नव्या लॉटचा नमुना घेऊन जेट मशीनवरचा माणूस आला. हा माझ्याच तालुक्यातला, पन्नाशीला आलेला, पंधरा वर्षं माझ्या शिव्या खाल्लेला. व्यापाऱ्याचा तुकडा आणि आमच्या नमुन्याचं कटिंग मी खिडकीत शेजारी शेजारी धरलं. सुरतेचा, माझा स्वतःचा उजेड. दोन्ही तुकडे मला सारखे दिसले.

पास म्हणायचं बाकी होतं. मी मान वर केली. तो कापडाकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

त्या जागेवर उभं राहून मी आजवर कुणाचं मत घेतलं नव्हतं. शेठचंसुद्धा नाही. शेवटी तुकडे त्याच्या हातात दिले आणि म्हणालो, "तू सांग."

त्यानं ते नीट बघितलेही नाहीत. "लाल कमी शे, मास्तर. भलतं कमी शे."

"असं कधीपासून चालू शे?"

"वरीस व्हयनं. तुम्ही लिखी देतस, पास करतस, मंग मी मशीनवर लाल वाढाई देस. शेठले माहीत शे."

"मंग माले काबर नही सांगं?"

तो मशीनच्या तेलानं काळी झालेली बोटं पँटला पुसत राहिला.

"अन् आज कसं सांगं?"

"आज तुम्ही इचारं," तो म्हणाला.