वायंडिंगवालीचा उजवा हात

आमच्या गल्लीत तिला सगळे वायंडिंगवाली म्हणायचे, पण दुकानाच्या पाटीवर नाव नवऱ्याचं. माझी गिरणी तिच्या भिंतीला लागून, म्हणून जे सांगते ते तिच्या तोंडून ऐकलेलं, नाहीतर डोळ्यांनी पाहिलेलं.

ती आणि तिचा भाऊ एकाच संस्थेत मोटारी भरायला, म्हणजे पंपाच्या जळालेल्या मोटारीत तांब्याची तार नव्यानं गुंडाळायला, शिकले. ती पहिली आली, तो दुसऱ्या खेपेला कसाबसा पास झाला. कारखान्यानं त्याला पूर्ण पगार दिला आणि हिला निम्मा. "तुला कुठं घर चालवायचंय?" असं साहेबानं वर विचारलं. मग लग्न झालं. जळालेल्या मोटारी आत बसून ही भरायची आणि बाहेर गल्ल्यावर बसायचा नवरा, दहावी नापास. तार कुठून कुठं गुंडाळतात हेही त्या मेल्याला ठाऊक नव्हतं.

यंदा दहावी झालेल्या पोरीला त्याच संस्थेत घालायचं तिच्या मनात होतं.

"तू शिकून काय दिवे लावलेस? कमावतो कोण?" तो म्हणाला.

तिनं गल्ल्यातून फीचे पैसे उचलले. त्यानं तिचा उजवा हात टेबलावर दाबला आणि लाकडी हातोडी हाणली. एकदा नाही, बोटं वेडीवाकडी होईपर्यंत. मी पिठाच्या हातांनी धावले. गल्लीतले पुरुष नंतर म्हणाले, गिरणी चालू होती, काही ऐकू आलं नाही. चुलीत गेले त्यांचे कान!

तिच्या हाताला प्लास्टर पडलं, मोटारी साचल्या, गिऱ्हाइकं शिव्या घालून परत जाऊ लागली. आठवड्यानं त्यानं पोरीला केसांना धरून टेबलाशी आणलं.

"आईचं बघून येतं ना तुला? बस इथं. शिक्षण पुरे."

पोर उठायला गेली तशी त्यानं तिच्या थोबाडीत भडकावली. तिचा ओठ फुटला.

एका हातानं टेबलाला टेकून तो धापा टाकत होता. वायंडिंगवालीनं डाव्या हातात तीच हातोडी घेतली आणि त्या टेकलेल्या पंजावर मनसोक्त हाणली. तो गुरासारखा ओरडत खाली बसला.

"घे," ती म्हणाली, "आता दोघांची कमाई सारखी."

मला तर बाई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? गल्ल्यातून फी काढून तिनं पोरीला दुपारच्या गाडीत बसवलं.

संध्याकाळी हवालदार आला. "मावशी, मारामारी ऐकलीत?"

सकाळपासून वीज नव्हती. गिरणीचा पट्टा थंड पडलेला त्याला दिसत होता.

"गिरणी चालू होती," मी म्हणाले. "काही ऐकू आलं नाही."