विकतचं हसू

घरी तिला सगळे ‘टवाळ’ म्हणायचे. वडिलांना लेक वकील व्हायला हवी होती, पण ती सिनेमाच्या सेटवर क्लॅप मारायला गेली. दिग्दर्शकांच्या हाताखाली रडक्या मालिका करता करता केस पिकायला लागले, तेव्हा कुठे तिला स्वतःची विनोदी मालिका मिळाली. लॉण्ड्री चालवणाऱ्या दोन भांडखोर साडूंची गोष्ट होती ती.

पहिला भाग बघून चॅनेलच्या साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. “मागे तो रेकॉर्ड केलेला हशा कुठाय?”

“लोकांच्या घरी.”

“अहो, हशा ऐकू आला नाही तर कुठे हसायचं ते लोकांना कळणार कसं?”

“साहेब, गुदगुल्या केल्यावर ‘आता हस’ असं सांगावं लागतं का कुणाला?”

साहेबांनी मान डोलावली आणि तिच्या माघारी हशा घातलाच. थोरला साडू आजारी बायकोच्या उशाशी मुकाट बसलाय, आणि मागे यंत्र खो खो हसतंय! टीव्हीसमोर बसलेल्या टवाळच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी ती थेट साहेबांच्या खोलीत शिरली.

“हशा काढा, नाहीतर माझं नाव काढा.”

त्यांनी नाव काढलं.

त्यानंतर कुणी तिला दारात उभं करेना. “बाई भलती ताठ,” असा बोभाटा झाला. नवरा शाळामास्तर, स्वभावाने गरीब. तो म्हणाला, “थोडं नमतं घे ना.”

“नमतं घ्यायचं असतं तर वकील नसते झाले?” ती म्हणाली. त्यावर तोच आधी हसला.

मग नणंदेच्या शिलाईच्या दुकानात, चालू मशिनींच्या खडखडाटात तिने सिनेमा काढला. पहिल्या खेळाला थिएटर निम्मं रिकामं. अर्धा तास कुणी हूं की चूं केलं नाही. टवाळ मागच्या रांगेत ओठ चावत बसली होती. मग शिंपीणबाई गिऱ्हाइकाच्या पँटला तिसरा पाय शिवते तो प्रसंग आला. कुणीतरी फिस्सकन हसलं, त्याला बघून शेजारचा हसला, आणि बघता बघता सगळं थिएटर गडगडलं.

सिनेमा बरा चालला. वर्षभराने साहेबांचा फोन आला, नवी मालिका कराल का म्हणून.

“येते,” टवाळ म्हणाली, “पण एडिटिंगच्या खोलीची किल्ली माझ्याकडे राहील.”

ती मिळाली. नवी मालिका काही फार चालली नाही. साहेब कुत्सितपणे म्हणाले, “बघा, पडली.”

“पडली ना? पण उसन्या कुबड्या घेऊन नाही पडली,” असं म्हणून ती पुढच्या मालिकेचं वाचन घ्यायला निघून गेली.