झुलीची उशी

निजामाच्या राज्यात मी बीडच्या एका जहागीरदारांची मोटार चालवत होतो. पाठ फार दुखायची, म्हणून सीटवर ठेवायला उशी करून घ्यायला चौसाळ्याच्या खोगीर शिवणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेलो. त्यानं बैलाची चाचपावी तशी माझी पाठ चाचपली आणि पोळ्याची भरजरी झूल कात्रीनं उभी कापली.

"मामा, एवढी चांगली झूल कावून कापली?"

"घालायला बैल न्हाई राहिला. तुमच्याच मोटारीनं उडवला, डायवरसाब. तुमी थांबला बी न्हाई."

तो शांतपणे उशीत लोकर भरत होता.

"आता नीट बसा, अन् समोर बघा."

जहागीरदारांना मी सांगितलं होतं, बैल उधळून आडवा आला. बैल कडेला उभा होता. मी पाठ चोळत होतो.